घर मागावं की फक्त भाकर?

जय ख्रिस्त. आम्ही अकरा वर्षं पिंपरीत भाड्याच्या घरात राहतो. मिस्टर भोसरीला कंत्राटी कामावर आहेत, मी घरी शिवणकाम करते. यंदा म्हाडाच्या सोडतीत अर्ज भरलाय. घरासाठी प्रार्थना करायला बसते, पण शब्दच फुटत नाहीत. सासूबाई म्हणतात, "देवाला सगळं ठाऊक असतं, त्याच्याकडे वस्तू मागू नयेत, शांती मागावी." आमच्या गुरुवारच्या महिला सभेत एक ताई येतात. त्या म्हणतात, कितव्या मजल्यावरचं घर हवं तेसुद्धा सांगा, मिळालंच आहे असा विश्वासाने दावा करा आणि 5,100 रुपयांचं बीज पेरा, म्हणजे तेवढं दान द्या. शेजारीण वसईची आहे, ती म्हणते वांद्र्याच्या मोत माउलीला, म्हणजे मरियेला, मेणाचं घर वाहून ये. मी सभेत मोठ्याने शांतीच मागते, पण मनात सारखं घर असतं. खरं सांगायचं तर नणंदेच्या फ्लॅटसारखं घर असतं. हे पाप आहे का? आणि सोडतीत नाव नाही लागलं तर माझा विश्वास कमी पडला असं समजायचं का? मुलगा नऊ वर्षांचा आहे. रोज रात्री तो देवाकडे गिअरची सायकल मागतो. त्याला मागू द्यावं का?
— एक भगिनी, पिंपरी

प्रिय ताई,

जय ख्रिस्त. आधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याविषयी बोलू, कारण तुमची अडचण तिथे आहे. तोंडाने शांती मागायची आणि मनात घर ठेवायचं, यामुळे तुमचे शब्द अडले आहेत. घर मागणं पाप नाही. पण जे मनात आहे ते बाजूला ठेवून शोभेल असं दुसरंच काही देवापुढे मांडलं, की प्रार्थना कोरडी होते. ती चार दिवस रेटता येते, चार महिने नाही. म्हणून पहिली दुरुस्ती ही: जे हवं आहे, तेच मागा. त्यातलं गरज किती आणि हौस किती हे ठरवून मगच देवापुढे जायचं, असा क्रम लावू नका. सगळं घेऊन जा. निवाडा तिथे, त्याच्यासमोर होऊ द्या.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्याला शास्त्राचा आधारही आहे. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातल्या आठव्या वचनात येशू म्हणतो की तुम्ही मागण्यापूर्वीच तुमच्या गरजा तुमच्या पित्याला ठाऊक आहेत. पण लगेच पुढच्या वचनात तो "म्हणून मागू नका" असं म्हणत नाही, तर कसं मागायचं ते शिकवतो आणि त्या प्रार्थनेच्या मधोमध "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" ही मागणी येते. पित्याला ठाऊक आहे हे न मागण्याचं कारण नाही. वटवट न करता, भीती न बाळगता मागण्याचं ते कारण आहे. आंधळा बार्तीमय यरीहोच्या रस्त्यावर ओरडत होता, त्याला काय हवंय ते कुणालाही दिसत होतं. तरी येशूने त्याला विचारलंच, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? (मार्क 10:51). त्याला ते स्वतःच्या तोंडाने सांगावं लागलं.

आता भाकरीत घर बसतं का? जर्मन धर्मसुधारक मार्टिन लुथरने 1529 साली लहान मुलांना आणि साध्या कुटुंबांना शिकवण्यासाठी जी छोटी प्रश्नोत्तरी लिहिली, तिच्यात "रोजची भाकर म्हणजे काय" या प्रश्नाचं उत्तर लांबलचक आहे. अन्न, वस्त्र, पायताण, घरदार, शेत, गुरं, पैसा, चांगला जोडीदार, चांगली मुलं, चांगले राज्यकर्ते, बरं हवामान, आरोग्य, भले शेजारी, हे सगळं त्याने त्या एका शब्दात धरलं. घर त्या यादीत आहे, ताई. त्याच्याही अकराशे वर्षं आधी, इ.स. 412च्या सुमारास, हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी प्रोबा नावाच्या विधवेला प्रार्थनेवर एक मोठं पत्र लिहिलं. रोम लुटलं गेल्यावर ती आफ्रिकेत येऊन राहिली होती. या पत्राच्या आधारे पुढे तेराव्या शतकातले धर्मपंडित थॉमस अक्विनास यांनी जो नियम मांडला तो आजही वापरण्याजोगा आहे: जे इच्छिणं रास्त, ते मागणंही रास्त. म्हणजे प्रश्न "हे मागू का" असा राहत नाही, "हे मला हवं असणं रास्त आहे का" असा होतो. तो सोडवायला सोपा आहे, कारण त्याचं उत्तर शोधताना देवाची मर्जी ओळखावी लागत नाही, स्वतःचं मन तपासावं लागतं.

ते कसं तपासायचं? एक कागद घ्या आणि वर लिहा: घर मिळालं तर काय होईल? मनात येईल ते सगळं खाली उतरवा, गाळू नका. तुमच्या पत्रावरून अंदाज बांधते. अकरा महिन्यांचा करार संपला की घरमालक भाडं वाढवणार ही धास्ती संपेल. मुलाची शाळा बदलावी लागणार नाही. मशीन कायमची एका जागी ठेवता येईल, शिवणकामाची गिऱ्हाइकं टिकतील. सासूबाईंना जिने चढावे लागणार नाहीत. आणि नणंदेला बोलावून घर दाखवता येईल. या पाच ओळींपैकी चार सरळ गरजा आहेत, पाचवी तुलना आहे. याकोबाच्या पत्रात (4:2-3) दोन कारणं दिली आहेत: तुम्हाला मिळत नाही कारण तुम्ही मागत नाही, आणि मागूनही मिळत नाही कारण तुम्ही चैनीसाठी मागता. बहुतेक लोक दुसऱ्या कारणाच्या धाकाने पहिल्यात अडकतात. पाचवी ओळ आहे म्हणून पहिल्या चार खोट्या होत नाहीत. चार ओळी मागणी म्हणून ठेवा, पाचवी कबुली म्हणून ठेवा. दोन्ही एकाच प्रार्थनेत चालतात.

शब्द साधारण असे असू द्या, मग ते तुमच्या बोलीत वळवा:

"बापा, आम्हाला राहायला आमचं स्वतःचं घर हवं आहे. दर अकरा महिन्यांनी करार संपतो तेव्हा मला झोप लागत नाही. पोराची शाळा मोडू नये, आईंचे जिने सुटावेत, माझं मशीन एका जागी राहावं, म्हणून मी हे मागते. नणंदेचं घर बघून माझ्या मनात जळफळाट होतो, तोही तुझ्यापुढे ठेवते, तो काढून टाक. हे घर आम्हाला बरं असेल तर दे. बरं नसेल तर मला ते कळू दे, आणि तोवर या भाड्याच्या घरात आम्हाला नीट ठेव. ज्यांना आज छप्परच नाही त्यांनाही दे. येशूच्या नावाने मागते. आमेन."

ही प्रार्थना एका मिनिटात होते. लांबीने काही वाढत नाही. प्रोबाला लिहिलेल्या त्याच पत्रात ऑगस्टीन यांनी इजिप्तमधल्या संन्याशांचा उल्लेख केला आहे. ते अगदी छोट्या प्रार्थना वरचेवर करत, म्हणजे मन सुस्तावायच्या आत त्या संपत. मशीनवर बसताना, पाण्याच्या रांगेत, बसमध्ये अशी दोन ओळींची प्रार्थना करता येते. बसून करायची प्रार्थना मात्र एका ठरलेल्या वेळी करा, वीस मिनिटं पुरेत. त्यात प्रभूच्या प्रार्थनेचा, म्हणजे येशूने शिकवलेल्या त्या भाकरीच्या प्रार्थनेचा, क्रम पाळा, कारण मागण्यांचा तोल बिघडू नये यासाठी तो क्रम फार उपयोगी पडतो. आधी देवाचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा या तीन गोष्टी येतात, मग भाकर, मग ऋणांची सूट, मग परीक्षा आणि वाइटापासून सुटका. सहा-सात मिनिटं पहिल्या तीन गोष्टींना द्या. एखादं स्तोत्र वाचलं तरी ती मिनिटं भरतात. पाच मिनिटं भाकरीला, म्हणजे घर, नोकरी, फी, दुखणी. उरलेला वेळ क्षमेला आणि इतरांना. अडचणीत असलेला माणूस थेट भाकरीवर उडी मारतो आणि वीसच्या वीस मिनिटं तिथेच घालवतो. उठताना त्याला हलकं वाटत नाही, कारण त्याने वीस मिनिटं काळजीच केलेली असते, फक्त डोळे मिटून.

आता सभेतल्या ताईंविषयी. मजला आणि रंग सांगायला हरकत नाही, नेमकं मागणं चांगलंच असतं. हरकत दाव्याला आहे. त्या बहुधा मार्क 11:24 दाखवत असतील: जे काही तुम्ही प्रार्थना करून मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा. हे वचन येशूचंच आहे, त्याला कमी लेखायचं नाही. पण लगेच पुढचं, पंचविसावं वचन सांगतं की प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कुणाविरुद्ध मनात काही असेल तर त्याची क्षमा करा. दावा शिकवणारे चोविसाव्या वचनावर थांबतात. तुमच्या बाबतीत तर पंचविसावं वचन थेट नणंदेच्या दारात जाऊन उभं राहतं. आणि ज्याने हे शिकवलं, त्यानेच वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीनदा मागितलं आणि प्रत्येक वेळी पित्याची इच्छा पुढे ठेवली. तसं म्हटल्याने त्याचा विश्वास कमी ठरला, असं कोण म्हणेल? "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" हे विश्वासाचंच वाक्य आहे.

5,100 रुपये देऊ नका, हे स्पष्ट सांगते. पेरणी-कापणीचं जे वचन त्यासाठी वापरतात (2 करिंथ 9:6) ते आठव्या-नवव्या अध्यायातलं आहे, आणि ते दोन्ही अध्याय यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी चाललेल्या वर्गणीविषयी आहेत. तिथे प्रेषित पौल पुढच्याच वचनात म्हणतो, कुणी दुःखी मनाने किंवा देणं भाग पडतं म्हणून देऊ नये. देवाकडून काही सोडवून घेण्यासाठी पैसे मोजायची कल्पना प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात शिमोन नावाच्या जादूगाराने मांडली होती आणि पेत्राने त्याला फार कडक शब्दांत झापलं होतं. दान द्यायचं तर मंडळीच्या दानपेटीत द्या, पावती मिळेल तिथे द्या, शेजारच्या पोराच्या फीला द्या. पण घराच्या बदल्यात नको. पैसे आधीच दिले असतील तर घाबरू नका, कुणी शाप लावू शकत नाही. आणि ते बीज एखाद्याच्या खाजगी मोबाइल नंबरवर पाठवायला सांगत असतील तर तुमच्या पाळकांना कळवा. तुमच्याआधी कितीतरी बायकांनी पाठवले असतील.

शेजारणीचा सल्ला वेगळा आहे, त्याला या दाव्याच्या पंक्तीला बसवू नका. वांद्र्याच्या मोत माउलीला 8 सप्टेंबरच्या सणाच्या सुमारास जत्रा भरते. तिथे मेणाची घरं, बाळं, हात-पाय विकत मिळतात आणि भाविक ते वाहतात. कॅथलिक शिकवणीप्रमाणे मरियेकडे मध्यस्थी मागायची असते आणि ते मेण हे विनंतीचं चिन्ह असतं, घराची किंमत नसते. तुमच्या मंडळीत ही रीत नसेल तर ती पाळायची तुम्हाला काहीच गरज नाही, आणि शेजारणीशी वाद घालायचीही नाही. तिला म्हणा, तू जाशील तेव्हा आमच्या नावाने प्रार्थना कर. ती प्रेमाने करेल.

मात्र नवसाविषयी दोन्ही बाजूंनी सावध राहा. आपल्याकडे ख्रिस्ती झालेल्या घरांतूनही "मिळालं तर अमुक करीन" हे चटकन तोंडात येतं. शास्त्रात नवस आहेत. मूल नसलेल्या हन्नाने मुलासाठी केला तो तिने पाळला. इस्राएलचा सेनानी इफ्ताह याने घाईत बोललेल्या नवसापायी स्वतःची मुलगी गमावली (शास्ते 11). उपदेशक 5:5 सांगतं, नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा. कॅथलिक चर्चच्या 1983च्या कायद्यातलं 1191 क्रमांकाचं कलम तर सांगतं की नवस जाणूनबुजून आणि मोकळ्या मनाने केलेला असावा, आणि भारी व अन्यायी भीतीपोटी किंवा फसवणुकीतून केलेला नवस मुळातच रद्द असतो. घरमालकाच्या नोटिसीच्या रात्री तुमच्या तोंडून काही निघून गेलं असेल तर ते मनात कुजवत ठेवू नका. पाळकांशी किंवा फादरांशी बोलून मोकळ्या व्हा.

प्रार्थना करून पुढे काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाही, पण त्यावाचून उत्तर पुरं होत नाही. यासाठी नहेम्याचे पहिले दोन अध्याय वाचा, दोन्ही मिळून पंधरा मिनिटांत होतात. तो पारसाच्या (इराणच्या) अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला द्राक्षारसाचा प्याला देणारा सेवक. यरुशलेमेचा कोट पडल्याची बातमी त्याला किसलेव महिन्यात कळली. तो रडला, उपास केला, प्रार्थना करत राहिला. राजाशी बोलायची वेळ आली ती नीसानात, म्हणजे सुमारे चार महिन्यांनी. राजाने विचारलं, तुला काय पाहिजे? त्या क्षणी त्याने आधी मनात स्वर्गीय देवाची प्रार्थना केली आणि मग यादी सांगितली. ती यादी बघा: किती दिवसांत परत येईन ती मुदत, नदीपलीकडच्या सुभेदारांसाठी पत्रं, आणि राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याला लाकूड देण्याविषयीचं पत्र. ते लाकूड कशासाठी? दरवाजांसाठी, कोटासाठी आणि मी राहीन त्या घरासाठी (2:8). त्याने स्वतःच्या घराचं लाकूडही मागितलं, आणि शास्त्र त्याला त्याबद्दल बोल लावत नाही. चार महिने प्रार्थना केल्यामुळे त्याच्याकडे हिशेब तयार होता.

तुमचा हिशेब तयार आहे का? म्हाडाचं नाव लागलं तर पैसे भरायला ठराविक मुदत असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या घरकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के देऊ शकते. म्हणजे 20 लाखांच्या घराला किमान 2 लाख तुमचे लागतील, शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी वेगळी. मिस्टरांच्या पगाराची बँकेतली नोंद, आयकर विवरणपत्र, तुमच्या शिवणकामाच्या कमाईचा काहीतरी लेखी पुरावा, हे आत्तापासून जमवा. सोडतीबाहेर घर घ्यायची वेळ आली तर महाराष्ट्रात फक्त बाईच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे, ती मागून घ्या. प्रार्थनेच्या वहीत घराच्या पानावर हे आकडेही असू देत, ते अपवित्र नाहीत. आणि एखादा एजंट बनावट पगारपत्रक करून देतो म्हणाला तर तो दरवाजा देवाने उघडलेला नाही, हे ओळखायला वेगळा दृष्टान्त लागत नाही.

वहीचं सांगून टाकते. शंभर पानी साधी वही पुरे. डाव्या पानावर तारीख, नेमकी मागणी, ती का हवी ते कारण, आणि त्यासाठी मी काय करते आहे. उजवं पान रिकामं. तिथे जे घडेल ते तारखेसह लिहायचं, मागितल्याप्रमाणे घडलं तरी आणि उलट घडलं तरी. स्वतःच्या मागण्या एका वेळी तीनपेक्षा जास्त ठेवू नका आणि प्रत्येक स्वतःच्या मागणीसोबत एक दुसऱ्या कुणाची असू द्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी मागची पानं वाचा. या वाचण्यात दोन गोष्टी सापडतात. मिळालेल्या आणि विसरलेल्या गोष्टी, ज्यांचे आभार राहिलेले असतात. आणि ज्या मागण्या पुन्हा लिहाव्याशाच वाटत नाहीत अशा. त्या खोडू नका. आपली इच्छा बदलली, हेसुद्धा उत्तरात मोडतं, आणि वही नसेल तर ते कधी कळतच नाही.

सोडतीची प्रार्थना जरा नाजूक आहे. त्या एका घरासाठी शेकडो अर्ज असतील, त्यांत तुमच्यासारख्याच प्रार्थना करणाऱ्या बायका असतील, काहींचं घर तुमच्याहून पडकं असेल. "आम्हालाच लागू दे" या मागणीत "त्यांना लागू देऊ नको" हे आपोआप येतं. म्हणून सोडतीच्या दिवशी एवढंच मागा: आमचं असेल तर दे, आणि ज्याला मिळेल त्याचं भलं कर. चिठ्ठ्या टाकणं शास्त्राला परकं नाही. प्रेषितांनी यहूदाच्या जागी मत्थियाला तसंच निवडलं, आणि नीतिसूत्रे 16:33 म्हणतं की चिठ्ठी पदरात टाकली तरी निर्णय परमेश्वराकडून असतो. पण चिठ्ठी कुणाच्या विश्वासाचं माप काढत नाही.

नाव नाही लागलं तर? अनामत रक्कम परत येते, आणि त्या रात्री काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा, कारण त्या रात्री सुचणार नाही. "देवाने काहीतरी अजून चांगलं ठेवलं असेल" असं लगेच म्हणू नका, मुलासमोरही नाही. ते खरं असू शकेल, पण अजून दिसलेलं नाही. तेरावं स्तोत्र उघडा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत "कुठवर" हा प्रश्न चार वेळा येतो. तक्रार आधी, भरवसा शेवटी. ते मोठ्याने वाचा, रडू आलं तर रडा. मग उपजीविकेचं काम चालू ठेवा आणि निदान आठवडाभर नवा निर्णय घेऊ नका.

विश्वास कमी पडला का, या प्रश्नाला सरळ उत्तर देते: नाही. मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप अर्ध्या विश्वासाने आला होता. मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवा, असं तो एका दमात म्हणाला, आणि त्याचा मुलगा बरा झाला. उलट पौलाचा विश्वास कुणाहून कमी नव्हता. त्याने शरीरातला काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली, आणि उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे." मोशेने यार्देनपलीकडचा देश बघू दे म्हणून विनवलं, तर देव म्हणाला, पुरे, याविषयी पुन्हा माझ्याशी बोलू नकोस (अनुवाद 3:26). या दोघांना कुणी अविश्वासू म्हणत नाही. आणि कधी कधी मागितलेलं मिळूनही माणूस आतून वाळतो. रानात इस्राएलांनी हट्टाने मांस मागितलं, मिळालं, आणि स्तोत्र 106:15 म्हणतं त्याप्रमाणे त्यांच्या जिवाला झीज लागली. तुम्हाला कुणी "तुझा विश्वास कमी पडला" असं म्हणालं तर त्यांच्याशी वाद घालू नका, पण त्यांच्याकडे प्रार्थनेचे विषय सांगणं बंद करा. दुखऱ्या माणसाला दोष देणाऱ्याकडून मध्यस्थी होत नाही.

किती दिवस मागत राहायचं, हे अनेकजण विचारतात. लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा न्यायाधीशाकडे येतच राहिली. पौल तीनदा मागून थांबला. फरक असा की पौलाला "नाही" असं उत्तर मिळालं होतं, विधवेला मिळालं नव्हतं. तुम्हाला उत्तर मिळालं नाही तोवर मागा. एका सोडतीत नाव नसणं हे त्या घराला "नाही" आहे, घर या मागणीला नाही. मात्र घरासाठी एखादा गैरमार्गच उरला, किंवा हप्त्यापोटी मुलाची फी नाहीतर सासूबाईंचं औषध तुटणार असं दिसलं, तर ती मागणी काही काळ खाली ठेवा.

उपासाचं थोडक्यात. करायचा तर करा, पण मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या किंवा अंगावर पिणारं मूल असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. उपासाने देवावर दबाव येत नाही. यशया 58 एकदा वाचा. तिथे उपास करणारे लोक त्याच दिवशी आपल्या मजुरांना राबवून घेत होते, आणि देवाला तेच खुपलं. उपासाच्या दिवशी वाचलेला घास कुणाला तरी द्या.

हन्नाची एक गोष्ट मात्र जरूर लक्षात ठेवा (1 शमुवेल 1). शिलोच्या मंदिरात ती मुलासाठी अशी प्रार्थना करत होती की फक्त ओठ हलत होते, आणि एली याजकाला वाटलं ती प्यायली आहे. तिने मन ओतलं, एलीने शांतीने जा म्हटलं, मग ती जेवली आणि तिचा चेहरा उतरलेला राहिला नाही. तिने मागितलेला मुलगा, शमुवेल, तेव्हा पोटातही नव्हता. सासूबाई जी शांती मागायला सांगतात ती अशी येते, घराची गोष्ट गिळून नाही, ओकून टाकल्यावर. फिलिप्पैकरांच्या चौथ्या अध्यायात सहाव्या वचनात आधी सगळ्या मागण्या आभारासह देवाला कळवायला सांगितल्या आहेत, आणि सातव्यात शांती येते. सासूबाईंना हे दोन्ही शेजारी-शेजारी वाचून दाखवा. त्यांना पटेल असं वाटतं.

गुरुवारच्या सभेत येत्या वेळी विषय विचारतील तेव्हा म्हणा, "आम्हाला घर हवं आहे, त्यासाठी प्रार्थना करा, आणि आम्ही पैसे जमवतोय त्याला शिस्त लागावी म्हणूनही." एवढंच. मजला, नणंद, उत्पन्न यातलं काही सभेत सांगायची गरज नाही. ते वहीत आणि देवापुढे.

आता सायकल. मागू द्या, अडवू नका. नऊ वर्षांच्या मुलाला "असलं मागू नये" म्हटलं की तो मागणं सोडत नाही, फक्त तुमच्यासमोर मागणं सोडतो, आणि मग तुमच्यासारखंच तोंडात एक आणि मनात एक अशी सवय त्याला लागते. त्याला विचारा, सायकल कशाला हवी? शाळेला जायला, की सोसायटीतल्या पोरांकडे आहे म्हणून? दोन्ही असेल तर दोन्ही देवाला सांगायला लावा. "मागितलंस की मिळेलच" असं वचन देवाच्या वतीने देऊ नका आणि सायकल कधी घेणं जमेल ते तुम्ही दोघांनी बसून खरं खरं ठरवा. जमणार नसेल तर त्याला सांगा, म्हणजे आई-बापाच्या खिशाचं उत्तर तो देवाच्या माथी मारणार नाही. रात्रीच्या प्रार्थनेत सायकलीच्या मागे रोज एका मित्राचं नाव घ्यायला शिकवा, आणि त्या दिवशी मिळालेल्या एका गोष्टीचे आभार. जुनी, वापरलेली, विनागिअरची सायकल मिळाली तर ती उत्तर आहे का, असं तो नक्की विचारेल. हो म्हणा, आणि गिअरच्या सायकलीसाठी अजून मागावंसं वाटलं तर तेही चालेल म्हणून सांगा.